तळ्यातला शिंगाडा

आमच्या मळ्यात तळं खोदलं तेव्हा त्यात कोणता मासा सोडायचा हे मला कुणी विचारलं नाही. तसं विचारायचं कारणही नव्हतं. माझं माहेर मांजरसुंब्याच्या घाटावरचं. तिथे उन्हाळ्यात बायका ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीनं घागर भरायच्या, तिथे मासा कुठून येणार? हे सगळं मला कळतं. पण विचारलं नाही ते नाहीच, आणि जिला विचारलं ती माझी सवत होती.

मी या घरात धाकटी म्हणून आले. थोरलीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून मला आणलं. तिनंच मला पाहून पसंत केलं असं लोक कौतुकानं सांगायचे. मला त्या कौतुकाचा राग यायचा. बाजारात भांडं ठोकून बघावं तसं मला तिनं बघितलं होतं, आणि त्याबद्दल मी जन्मभर तिचे उपकार मानावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी तिला अक्का म्हणायची. म्हणावंच लागायचं.

आमची जमीन तेलगावच्या अलीकडे. ऊस, कापूस, विहिरीवर दोन मोटा. राज्य निजामाचं, आणि घरात रीत गोषाची. परक्या पुरुषासमोर बायकांनी यायचं नाही. बैठकीत काय चाललंय ते दारावरच्या चिकाच्या पडद्याआडून ऐकायचं, आणि जे ऐकलं त्यावर स्वयंपाकघरात आठवडाभर बोलायचं. अक्काला या आडून ऐकण्याची गरजच पडायची नाही. बैठक मोडली की मालक स्वतः आत येऊन तिला सगळं सांगायचे. मालक म्हणजे आमचे हे, गावचे देशमुख. मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायची, पण सांगायचे ते तिला.

दर हिवाळ्यात तहसीलदार साहेब दौऱ्यावर येत आणि मुक्काम आमच्याकडे करत. ते वर हिंदुस्थानातले, लखनौकडचे. एका वर्षी जेवताना त्यांनी नुसतं म्हटलं की तुमच्या मुलखात कोंबडीशिवाय काही मिळत नाही, आमच्याकडे तळ्यातला मासा रोज ताटात असतो. झालं. मालकांनी ते मनाला लावून घेतलं. मळ्याच्या खालच्या अंगाला एक डबरा होता. पावसात तिथे पाणी साचून कापूस सडायचा. तोच खोल करून, एका बाजूला बांध घालून तळं करायचं त्यांनी ठरवलं. उन्हाळाभर माणसं खपत होती.

तळं होत आलं तेव्हा एका संध्याकाळी ते माजघरात येऊन बसले आणि अक्काला म्हणाले, "मासा कंचा सोडावा? तुला काय वाटतं?"

"तुला काय वाटतं" हे शब्द त्यांनी तोवर मला कधी म्हटले नव्हते. साधं लुगडं घ्यायचं तरी गाठोडं समोर टाकून हे घे म्हणायचे.

अक्काचं माहेर गंगाथडीचं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिच्या माहेरच्या ओसरीवरून नदी दिसायची, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं की ती नदी मला न बघताच नकोशी झाली होती. ती मांडी घालून बसली, पदर सारखा केला आणि कुणी वैद्य औषध सांगतो तशी सांगू लागली.

"मरळ न्हाई सोडायची. लई खादाड. दुसऱ्याचं एक पिल्लू ठिवायची न्हाई. वाम सोडली तर चिखलात शिरून बसंल, पाव्हणा दारात आला तरी घावायची न्हाई. अन् बारका मासा तर नकोच. काट्यातून मास हुडकत बसावं लागतं. साहेबाच्या घशात काटा अडकला म्हंजी तुमची देशमुखी गेली."

मालक हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. माझ्याशी बोलताना ते असे कधी हसले नव्हते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तव्यावर भाकरी आहे असं काहीतरी पुटपुटत मी उठून गेले. तव्यावर भाकरी नव्हती, चूलसुद्धा पेटलेली नव्हती. चुलीपुढे बसून मी काटक्या मोडत राहिले आणि आतून दोघांचं बोलणं येत राहिलं, पण शब्द कळत नव्हते. पुढे त्या उठून जाण्यानंच माझा घात केला.

ठरलं ते नंतर मला मोलकरणीकडून कळलं. गंगेतला मोठ्या डोक्याचा, मोठ्या खवल्यांचा मासा आणायचा. तो पाण्यातलं शेवाळ-बिवाळ खातो, कुणाच्या वाटेला जात नाही, झपाट्यानं वाढतो आणि त्याचे काटे डोळ्याला दिसतील एवढे असतात. पहिल्या पुरानंतर अक्कानं स्वतः माहेरी जायचं आणि तिथल्या भोयांकडून पिल्लं पकडवून मडक्यांत घालून पाठवायची. अक्काच्या माहेरपणाला असं सरकारी काम मिळालं. माझं माहेरपण नागपंचमीचं, तेही सासूबाई असत्या तर मिळालं नसतं असं सगळे सांगत.

मला त्या घरात काय हवं होतं ते सांगते. पोर होईल तेव्हा होणार होतं, ते काही माझ्या हातात नव्हतं. तोवर माझी म्हणून एक गोष्ट मला हवी होती. कुणी बोट दाखवून म्हणावं, हे धाकटीनं केलं. स्वयंपाक अक्काच्या हाताचा, देवघर अक्काचं, कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला, आणि आता तळंही तिचं.

अशात तहसिलीचा चपराशी काही कागद घेऊन आला. अक्का तेव्हा न्हाणीघरात होती. त्याला मागच्या पडवीत जेवायला बसवलं आणि मी दाराआडून मोलकरणीला वाढायला सांगत होते. तो गावाकडचाच माणूस, बोलका. येताना त्यानं तळं पाहिलं होतं.

"तळं झ्याक झालंय, बाईसाब," तो म्हणाला. "पर आमच्या साहेबाची खरी पसंत म्हंजी शिंगाडा. त्येंच्या मुलुखात तळ्यात लई असतो म्हणं. रोज नाव काढतेत. तळ्यात शिंगाडा असला तर दुसरं कायबी मागायचे न्हाईत."

मी दारामागून विचारलं, "शिंगाडाच ना? नक्की?"

"शिंगाडाच. शंभरदा ऐकलंय."

मला जो शिंगाडा माहीत होता तोच मला कळला. पाण्यावरच्या वेलाला येणारा, दोन शिंगांचा, सोलला की आत पांढराशुभ्र. वाळवून त्याचं पीठ करतात, एकादशीला त्याचा शिरा होतो. साहेब मुसलमान, ते एकादशी कशाला करतील, असं क्षणभर मनात आलं. पण फळ ते फळ, लहानपणी खाल्लेलं माणसाला आवडतंच. मला एवढा आनंद झाला की चपराशाला मी दोनदा तूप वाढायला लावलं. गंगाथडीची सगळी विद्या एकीकडे आणि साहेबाच्या मनातली गोष्ट एकीकडे, आणि ती गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मी कुणालाही काही बोलले नाही.

पाऊस लागला. मालक एका दाव्याच्या कामाला हैदराबादेला गेले आणि तिकडेच अडकले. अक्का माहेरी गेली. घरात मी एकटी मालकीण, आणि हे सुख मी पहिल्यांदाच चाखत होते. तळ्याची राखण एका भोयाकडे दिली होती. त्याच्या बायकोला मी मागच्या दारी बोलावलं आणि शिंगाड्याचे वेल कुठे मिळतात ते विचारलं. तिच्या भावाच्या गावच्या तळ्यात ते लावत असत.

"आणून एका कोपऱ्यात लाव," मी म्हटलं.

"कुनी सांगितलं म्हनू?"

"बाईसाहेबांनी सांगितलं म्हण."

माझं म्हणणं खरंच होतं. मीही त्या घरची बाईसाहेबच होते.

काही दिवसांनी गंगाथडीहून कावडी आल्या. वाटेत भोई मडकी हलवत आले होते, पाणी निजलं तर पिल्लं मरतात म्हणून. मागोमाग अक्का आली, आणि घरात पाय टाकायच्या आधी झाकलेल्या बैलगाडीतून, आमच्या दमणीतून, तळ्यावर जाऊन आली. तिथे तिनं वेल पाहिले. मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त भोयाला सांगून त्या कोपऱ्याला बांबूचं कूड घालून घेतलं. वेल सगळीकडे पसरला तर पाण्याला ऊन मिळत नाही आणि मासे गुदमरतात म्हणे. ती चिडली असती, काही बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं.

मालक परतले तेव्हा पानांनी तो कोपरा हिरवागार झाला होता. त्यांनी भोयाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, बाईसाहेबांनी लावाया सांगितलं जी. आता तळ्याच्या बाबतीत बाईसाहेब म्हणजे कोण, हे मालकांना विचारायची गरजच वाटली नाही. घरी येऊन ते अक्काला म्हणाले, "उपासाची बी सोय केलीस व्हय?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी वरणाला फोडणी देत होते, मान वर केली नाही. त्या वेळी बोलायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. पण मला ते असं, फोडणीच्या धुरात सांगायचं नव्हतं. भरल्या बैठकीत साहेबांनी वाहवा करावी, मालकांनी आत येऊन विचारावं ही कल्पना कुणाची, आणि मग मी पुढे व्हावं, असं मी योजलं होतं. अक्का एवढंच म्हणाली, "कोपऱ्यात हाय, राहू द्या."

त्या चार महिन्यांत माझा जीव किती जळला ते माझं मलाच ठाऊक. संध्याकाळी गडी घरी गेले की मालक अक्काला दमणीत घालून तळ्यावर न्यायचे. मासे केवढे झाले ते बघायला. माझ्यासाठी दमणी कधी जुंपली गेली नाही. दोघं परत आले की तिच्या लुगड्याचा काठ ओला असायचा, पावलांना चिखल असायचा, आणि तो चिखलसुद्धा मला बघवत नसे. ती पाय धुता धुता मला सांगायची, आज अमुक केलं, आज एवढाला मासा वर आला. मी हं हं म्हणायची आणि मनात म्हणायची, फार दिवस राहिले नाहीत तुझे.

थंडी पडली आणि साहेब आले. सोबत चपराशी, एक मुन्शी, गावातली चार प्रतिष्ठित माणसं जेवायला. सकाळीच जाळं टाकून मासे काढले होते. अक्कानं येसराचा मसाला घालून चिंचेचं कालवण केलं. चिकाआड उभी राहून मी ऐकत होते. पहिल्या घासाबरोबर साहेब म्हणाले, "वाह, देशमुख, वाह." त्यावर मालकांच्या आवाजात जी ऐट आली ती मला इकडे ऐकू आली. अक्का माझ्या शेजारीच उभी होती. तिचा चेहरा तृप्त दिसत होता. मला वाटलं, थोडा वेळ थांब.

जेवण आटोपत आलं तेव्हा मी माझं ताट बाहेर पाठवलं. मध्ये शिंगाड्याचा शिरा, भोवती उकडून सोललेले शिंगाडे, आणि दिसायला म्हणून दोन-चार सालीसकट, ताजे. मोलकरणीला मी शिकवून ठेवलं होतं. ती ताट ठेवून म्हणाली, "साहेबांच्या पसंतीचा तळ्यातला शिंगाडा."

वाहवा येईल म्हणून मी चिकाला कान लावून उभी होते. साहेबांनी एक शिंगाडा उचलून बोटांत फिरवला असावा, कारण जरा वेळानं त्यांचा आवाज आला, "अरे भई, हम तो सिंघाड़ा मछली की बात करते थे. वो मूँछोंवाली मछली."

चपराशी खोकला. कुणीतरी हसू दाबत म्हणालं, साहेबांना देशमुखांनी एकादशी घडवली. मग दोघं-तिघं उघड हसले. उपासाच्या शिंगाड्यासारखंच नाव असलेला मासा जगात आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मालक आत आले. ते रागावले की आवाज चढवत नसत, उलट अगदी खाली आणत. तशाच खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "ह्यो शहाणपणा कुणाचा?"

मी तोंड उघडलं. भीती वाटत होती, पण खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. माझी चूक, माझंच तोंड. तेवढ्यात अक्का म्हणाली, "माझा."

मालक तिच्याकडे वळले. ती अगदी सावकाश म्हणाली, "मागंच म्हणले व्हते ना मी, शिंगाळा सोडायचा न्हाई म्हणून. साहेबाला सांगा, मिशीवाला सोडला असता तर आत्ता जेवलेला मासा त्येनं पिल्लू असतानाच गिळला असता. म्हणून मासा वगळला अन् नाव तेवढं ठिवलं. पाव्हण्याच्या पसंतीचं नाव तरी तळ्यात असावं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या संध्याकाळी मी रागानं उठून चुलीपुढे जाऊन बसले, त्यानंतर आत शिंगाळ्याचं बोलणं झालं होतं. शिंगाळा चवीला गोड पण दुसऱ्याची पिल्लं खातो, असं ती सांगत होती आणि मी काटक्या मोडत होते. तिच्या माहेरी तो शिंगाळा, साहेबांच्या मुलखात सिंघाड़ा.

मालकांच्या कपाळावरची आठी गेली. ते बाहेर जाऊन अक्काचं म्हणणं शब्दाला शब्द बोलले. आणि बैठकीत जो हशा उठला तो पहिल्यासारखा नव्हता. साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. "नाम भी रह गया, मछली भी बच गई," ते म्हणाले, "बेगम साहिबा को हमारा सलाम कहिए." साहेबांचा सलाम घेऊन मालक आत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला तिकडे पाहवेना. माझं ताट परत आलं ते पुसून खाल्लेलं. माझे शिंगाडे तिच्या शब्दांबरोबर खाल्ले गेले होते.

सगळे पांगल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती कालवणाचं पातेलं घासायला काढत होती.

"तुमी कावून बोललात?" मी विचारलं.

"मग काय करायचं व्हतं? चार मान्सांत तुला खाली मान घालू द्यायची?"

"माझी मान हाय, अक्का."

ती हातातलं पातेलं खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागली. तिला खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते. "तुला वाचिवलं अन् वर तूच डाफरतीस," ती म्हणाली. "येडी हायस." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मी झटकला. तिला वाटलं, लाजले.

पुढे पोरं मलाच झाली, ओळीनं. ती तिला थोरली आई म्हणायची आणि झोपायची तिच्याच कुशीत. त्याचंही मला वाईट वाटायचं, पण ते वाईट वाटणं कुठल्याही आईला कळेल. शिंगाड्याचं कुणाला कळणार? दरवर्षी त्या कोपऱ्यात वेल लागत आणि मालक त्याला थोरलीचा शिंगाडा म्हणत. कुणी नात्यातला पाव्हणा आला, ताटात मासा पडला, की ते ती हकिकत सांगायला बसत. साहेबांनी शिंगाडा बोटांत कसा फिरवला, लोक कसे हसले, आणि आमच्या थोरलीनं एका वाक्यात डाव कसा फिरवला. सांगताना तिच्याकडे बघायचे. मी वाढत असायची. सगळे हसले की मलाही हसावं लागे. अक्का अशा वेळी माझ्याकडे बघून गालात हसायची. आपल्या दोघींचं गुपित, असं तिच्या मनात असेल. माझ्या मनात तसं काही नव्हतं. गुपित तिचं होतं, तेही तिनं स्वतःच केलेलं. माझ्याजवळ काय राहिलं?

अक्का गेली तेव्हा मालकही थकले होते. तिच्या तेराव्याला माणसं जेवून उठली, चार जवळचे ओसरीवर बसले, आणि मालकांनी पुन्हा तीच हकिकत सांगितली. सांगता सांगता रडले. लोक म्हणाले, अशी बाई होणे नाही. मी दाराशी उभी राहून ऐकलं.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, "तळ्यात शिंगाडा मी लावला व्हता. अक्कानं न्हाई."

त्यांनी डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. एखादं पोर खोटं बोलतं तेव्हा आपण जसे मायेनं बघतो तसे बघून म्हणाले, "तुला शिंगाळा मासा तरी ठाव व्हता का तवा?"

"न्हवता," मी म्हटलं.

"मग?" ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

नव्हता ठाऊक, म्हणूनच तर शिंगाडा लावला. हे सांगेपर्यंत ते अंगणात पोहोचले होते.